मणका मोडायचाच असेल तर आधी पुरुष व्हा

मागच्या मंगळवारी पाळीच्या तक्रारीसाठी तपासणीला गेले होते. डॉक्टरबाईंनी माझ्या व्हीलचेअरच्या डोक्यावरून नवऱ्याकडे बघत विचारलं, "यांना पाळी येते अजून?" नवरा माझ्याकडे बघायला लागला. त्याला बिचाऱ्याला स्वतःच्या वाढदिवसाची तारीख आठवत नाही.

तेव्हाच ठरवलं, अकरा वर्षांचा अनुभव असा वाया घालवायचा नाही. मज्जारज्जूला इजा करून घ्यायच्या बेतात असलेल्या समस्त भगिनींसाठी हे फुकट मार्गदर्शन.

सगळ्यात आधी, जमलं तर पुरुष व्हा. या पुनर्वसनाचा पायाच त्यांच्या मापाने घातलाय. डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात मज्जारज्जूच्या इजेचा विभाग उघडला तो युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी. १९४८ मध्ये त्यांनी तिथे तिरंदाजीची स्पर्धा भरवली, तिच्यात १६ स्पर्धक होते, त्यातल्या बाया दोन. आजही या दुखण्यात बाईमागे निदान दोन पुरुष असतात. तेव्हा वॉर्डात आपण पाहुण्या आहोत हे विसरू नका.

पाणी पिऊ नका. लघवीत जंतुसंसर्ग झाला की पाणी का पीत नाही म्हणून रागावतील, तेव्हा मान खाली घाला.

लघवीचं निघालंच आहे तर ऐका. पुरुषाला बाहेरून चढवायचा कंडोम कॅथेटर मिळतो. बाईसाठी तसं धड बसणारं काही नाही, म्हणून दर चार-सहा तासांनी आपली आपण नळी घालायची. शिकवतात कशी? पलंगावर उताणं पडून, मांड्यांच्या मधे आरसा ठेवून. मांडीला स्पॅझम, म्हणजे आपोआप जोराचा आचका, आला की पाय खाडकन मिटतात आणि आरसा फरशीवर. नळी चुकून योनीत गेली, तर ती खूण म्हणून तिथेच राहू द्यायची आणि दुसरी नवी नळी तिच्या वरच्या बाजूला घालायची, ही साधी युक्ती मला कुणी सांगितली? शेजारच्या खाटेवरच्या बाईनं! चेअरवरच पुढे सरकून, आरशाशिवाय, बोटानं चाचपून नळी घालायलाही तिनंच शिकवलं. पगारी माणसांपैकी एकालाही सुचलं नाही, की ही बाई घराबाहेर पडेल तेव्हा पलंग पाठीला बांधून नेणार आहे का? पहिलं दीड वर्ष मी चार तासांच्या आत घरी पोचेन एवढ्याच अंतरावर जगले. आणि फाइलमध्ये काय लिहिलंय? 'मूत्राशय व्यवस्थापन : स्वावलंबी.' स्वावलंबी म्हणे!

शरीरसंबंधांबद्दल विचारू नका. पुरुषांसाठी गोळ्या आहेत, तुमच्यासाठी "होईल हळूहळू सगळं" आहे.

घरी सोडताना पुरुषाला विचारतात, "सांभाळायला बायको आहे ना?" बाईला विचारतात, "घर सांभाळायला जमेल ना?" दोन्हींचं उत्तर 'हो' द्या, लवकर सोडतात.

मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांची शिकवणी घ्या. इजेनंतर पाळी काही महिने थांबू शकते, मग परत येते. मूल होण्याची क्षमता सहसा शाबूत असते. टी-१० च्या, म्हणजे छातीच्या भागातल्या दहाव्या मणक्याच्या, वर इजा असेल तर कळा कळतीलच असं नाही. आणि टी-६ किंवा त्याच्या वर असेल, तर कळांच्या वेळी रक्तदाब अचानक भडकू शकतो. त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डोकं फुटायला येतं, चेहरा लाल होतो, घामाच्या धारा लागतात. तो बाळंतपणातलाच नेहमीचा वाढलेला रक्तदाब समजून भलतेच उपचार होऊ शकतात. हे सगळं त्यांना तुम्हीच समजावून सांगा. नम्रपणे.

माझी इजा टी-४ ची, म्हणजे टी-६ च्याही वरची आहे. आतून तपासतानाही रक्तदाब चढू शकतो, हे मी मंगळवारी सांगितलं. डॉक्टरबाई लिहीत होत्या. टेबल माझ्या चेअरपेक्षा हातभर उंच. "दोघं जण उचलून ठेवतील," म्हणाल्या आणि कमरेखाली नुसती चादर असलेल्या माझ्यासमोर दोन वॉर्डबॉय आणून उभे केले. मी नको म्हटलं. "मग वरूनच बघू." आणि मग, पुन्हा नवऱ्याकडे बघत, "एवढा त्रास आहे तर गर्भाशय काढूनच टाका ना. कटकट मिटेल."

कुणाची कटकट, डॉक्टरबाई? मी पाळीची तक्रार घेऊन आले होते. तिची तपासणी झाली? पोटावरून हात फिरवलात आणि एक अवयव काढायचा निकाल दिलात, तोही माझ्या नवऱ्याला. माझे पाय बधिर आहेत, कान नाहीत. चालणाऱ्या बाईला असं सांगायची हिंमत झाली असती तुमची? वर-खाली होणारं टेबल ही काही अजून न लागलेल्या शोधातली वस्तू नाही. ते मागवायला एक अर्ज लागतो, आणि तो तुम्ही इतक्या वर्षांत लिहिला नाहीत, कारण पाय पसरून त्या टेबलावर तुम्हाला चढायचं नसतं. लाज वाटायला हवी.

पुढची तारीख दिली आहे. टेबल तेच आहे. चिठ्ठीवर लिहिलंय, 'सोबत दोन माणसं आणावीत.'