निवेदनाच्या आधी

गोव्यात २०२५ साली सहावीपासूनच्या वर्गांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं, तो गदारोळ मी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनहून फोनवर पाहत होतो. उकाडा, काजूचा हंगाम, बुडालेली सुट्टी, सगळ्यावर वाद झडले. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शिकवणाऱ्या मावसबहिणीला विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?" ती म्हणाली, "आम्हाला कोण विचारतंय? परिपत्रक आलं की सही करायची आणि फाइलला लावायचं."

'इकडचे शिक्षक बघा कसे संप करतात' असं तिला सुनवायचा मोह मी आवरला. स्कॉटलंडमध्ये २०२२-२३ साली पगारासाठी संप झाले खरे. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते २००१ पासूनचं इथलं वाटाघाटीचं टेबल. शिक्षक संघटना, स्थानिक परिषदा आणि सरकार तिथे पगार आणि कामाच्या अटी एकत्र ठरवतात. आठवड्याला जास्तीत जास्त साडेबावीस तास वर्गावर, ही मर्यादा त्याच करारातली. २०२१ च्या निवडणुकीत एकवीस तासांचं आश्वासन मिळालं, त्यावर मात्र वर्षानुवर्षं घासाघीस चालली. स्वर्ग इथेही नाही.

महाराष्ट्रात निदान विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघ आहेत. गोव्याला विधान परिषदच नाही. त्यात १९६४ चे वर्तणूक नियम. सरकारी नोकराने सरकारी धोरणावर जाहीर टीका करायची नाही. संघटनेच्या पदाधिकाऱ्याला मुभा आहे, तीही सेवाशर्तींपुरती. शिक्षक फक्त पगाराबद्दल बोलतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

पण हजेरीपट शिक्षकाच्याच हातात असतो. एप्रिलमध्ये कुठल्या दिवशी किती मुलं आली, कितव्या तासाला वर्ग ढेपाळला, कोणता धडा जूनमध्ये पुन्हा घ्यावा लागला, हे तालुक्यातल्या दहा शाळांनी एकाच नमुन्यात लिहावं. पालक-शिक्षक संघात ठेवून त्यावर ठराव घ्यावा. पालकांना वर्तणूक नियम लागत नाहीत. चाळीस आमदारांच्या विधानसभेत आपला आमदार गाठणं काही कठीण नाही. अधिवेशनाआधी ठराव हातात पडला तर त्याचा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, होऊ शकतो. निर्णयानंतरच्या दहा निवेदनांपेक्षा मला हे भारी वाटतं.

बहिणीचा आक्षेप रास्त आहे: ऑनलाइन माहिती भरण्यातच दिवस जातो, त्यात आणखी तक्ते कधी भरायचे? मग पहिला तक्ता त्याचाच करा. आठवड्यातले किती तास शिकवण्यात गेले आणि किती माहिती भरण्यात.