ब्रुज अर्ध्या दिवसात उरकत नाही

युरोपच्या सहलीची आखणी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: “बेल्जियममधलं ब्रुज म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. मुक्काम ब्रसेल्सला करा, सकाळी जा, दुपारी परत या. तिथं राहणं महाग, संध्याकाळी शुकशुकाट, आणि जुनं गाव म्हणून दाखवतात ते बरंचसं नकली.” या सल्ल्यापायी लोक ब्रुजमधला सगळ्यात चांगला वेळच गमावून बसतात.

आधी वेळेचं बघू. ब्रसेल्सहून रेल्वेला साधारण एक तास लागतो. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून मार्क्ट चौकापर्यंत वीस मिनिटं चाल. नऊला हॉटेल सोडलंत तरी चौकात पोचायला साडेदहा. चौकातल्या 83 मीटर उंच घंटामनोऱ्याच्या 366 पायऱ्या आहेत. वर जिना इतका अरुंद होतो की उतरणाऱ्याला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, आणि आधाराला असतो तो दोर. एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून वेळ आधी आरक्षित करावी. मग कालव्यातली अर्ध्या तासाची नावेची फेरी आणि तिची रांग. जेवेपर्यंत दुपार सरते आणि संग्रहालयं राहून जातात, कारण ती पाचच्या सुमाराला बंद होतात.

राहून जातं ते काय? ग्रुनिंगे संग्रहालयातलं यान व्हान आयक या चित्रकाराचं 1436 चं चित्र. गुडघे टेकलेल्या वृद्ध धर्मगुरूच्या हातात चष्मा आणि पोथी, कपाळाच्या बाजूला फुगलेल्या शिरा, शेजारच्या संत जॉर्जच्या चिलखतावर उमटलेलं एक इवलंसं प्रतिबिंब. यासमोर दहा मिनिटं तरी उभं राहायला हवं. अवर लेडी चर्चमध्ये मायकेलॅंजेलोची मेरीची संगमरवरी मूर्ती आहे. ती त्याच्या हयातीतच इटलीबाहेर गेली होती. चर्चचा मधला भाग फुकट, मूर्तीसाठी मात्र तिकीट लागतं.

“नकली” या शब्दात थोडं तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकात इथं जुन्या धाटणीची बरीच दुरुस्ती-बांधणी झाली; मार्क्टवरची प्रांतिक कचेरी त्याच काळातली. पण बुर्ग चौकातल्या नगरभवनाचं बांधकाम 1376 ला सुरू झालं आणि सिंट यान रुग्णालयाचं मूळ बाराव्या शतकात आहे. समुद्राकडे जाणारी झ्विन खाडीची वाट गाळानं बुजली, व्यापार अँटवर्पला गेला आणि शहर गरीब झालं. नवं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनं टिकलं.

महागाईचं म्हणाल तर ते वारावर अवलंबून आहे. ब्रुजचे दर शुक्रवार-शनिवारी चढतात. ब्रसेल्सचं उलट: तिथं कामानिमित्त येणारे शनिवार-रविवारी नसतात, तेव्हा खोल्या स्वस्त मिळतात. म्हणून शनिवार ब्रसेल्सला काढा आणि ब्रुजला आठवड्याच्या मधले दिवस धरा; सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. शिवाय चार मोठी माणसं असाल तर रोजच्या ये-जा करण्याची आठ भाडी वाचतात.

शुकशुकाट? दुकानं सहाला बंद होतात, हे खरं. पण दिवसाच्या सहलीचे लोक परतले की रोझेनहुडकाई या कालव्याकाठच्या जागेच्या कठड्यापाशी जागा मिळते आणि दिव्यांत मनोरा पाण्यात दिसतो. जेवायला मात्र साडेआठच्या आत बसा, स्वयंपाकघरं लवकर आवरतात. शाकाहारी असाल तर बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेण्याआधी विचारा, कारण त्या बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात.

खोली कुठे घ्यावी? शांतता हवी तर पूर्वेकडचा सिंट आना भाग. पवनचक्क्या तिथून जवळ. सामान जड असेल तर पश्चिमेचा झांड चौक, स्टेशनला जवळचा. जुन्या घरांतल्या छोट्या हॉटेलांत जिने उभे असतात आणि लिफ्ट बरेचदा नसते, ते आधीच विचारून घ्या. दगडी फरसबंदीवर बॅगेची छोटी चाकं अडकतात, म्हणून स्टेशनवरून बस पकडा. शहराचा मुक्काम-करही दरात धरलाय की नाही, ते आरक्षण करतानाच पाहा.