मोहल्ला कमिटी म्हणजे चहापान नव्हे

नमस्कार,

भिवंडीच्या मोहल्ला कमिट्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "दंगली चहा-बिस्किटांनी थांबत नसतात, दंडुक्यानेच थांबतात. कमिट्या एवढ्या भारी होत्या, तर २००६ मध्ये त्याच भिवंडीत दोन पोलीस कसे मारले गेले?" दुसरा प्रश्न मला लागला, कारण लेखात मी तो टाळला होता. त्याच्याकडे येतोच.

दंडुका भिवंडीने पोटभर पाहिलाय. १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर शहर पेटलं, न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. १९८४ ला पुन्हा तेच, त्या वेळी लष्कर बोलवावं लागलं. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी बीटवार, म्हणजे एकेका हवालदाराकडे असलेल्या भागानुसार, मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. तुम्ही चहा-बिस्किटांची म्हणता ती शांतता समिती वेगळी. तिथे सणाच्या तोंडावर पुढाऱ्यांना पोलीस ठाण्यात बोलावतात, हार-तुरे होतात. इथे गल्लीतली साधी हिंदू-मुसलमान माणसं होती आणि सगळा भार बीटच्या हवालदारावर होता.

आमच्या गल्लीच्या कमिटीत माझे वडील होते. बैठक कुणाच्या तरी यंत्रमागाच्या कारखान्यात व्हायची. सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावतात तिथून, आलेले सुताचे बीम भिंतीला सरकवायचे, माग बंद करायचे, नाहीतर शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. निम्मा वेळ नळाच्या पाळीवर आणि तुंबलेल्या गटारावर जायचा. हवालदार ते वहीत लिहून घ्यायचा. हे पोलिसांचं काम आहे का, असं तुम्ही विचाराल. माझ्या मते हेच काम होतं, कारण त्या गटारापायी हवालदाराला घरन् घर ठाऊक झालं होतं.

डिसेंबर १९९२ मध्ये पलीकडच्या मोहल्ल्यातून जमाव निघालाय अशी आवई आमच्याकडे उठली. बायका पोरांना आत ओढत होत्या. तेवढ्यात हवालदार त्याच मोहल्ल्यातल्या कमिटीवाल्या चाचांना सायकलवर डबलसीट घेऊन आला. चाचांनी वडिलांना नावाने हाक मारली, कट्ट्यावर बसले आणि पाणी मागितलं. गल्ली तिथेच निवली. त्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईत ९०० माणसं गेली. भिवंडी शांत राहिली.

आता २००६. कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले, त्यानंतर जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. त्या दोघांच्या घरच्यांचं दुःख कुठल्याही युक्तिवादाने कमी होत नाही. पण तुमचा दंडुका त्या दिवशी होताच की, बंदुकीसकट. तोवर आमच्या गल्लीतल्या बैठका बंद पडून कैक वर्षं झाली होती. हवालदाराची बदली झाली, नवा आला त्याला आमची नावंही माहीत नव्हती, आणि कुणी विचारलंही नाही. भांडण खुद्द पोलिसांच्या जागेचं. अशा वेळी लोकांपुढे उभं राहून बोलणारा ओळखीचा गणवेश लागतो.

तेव्हा तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे: जी पद्धत साहेबांच्या बदलीबरोबर विरते, तिचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. बैठक घेणं बीट हवालदाराच्या रोजच्या कामात धरलं जावं, त्याची नोंद ठाण्याच्या डायरीत व्हावी आणि बदलीच्या वेळी ती वही नव्या माणसाच्या हाती जावी. लेखात हे यायला हवं होतं. २००६ चा भाग आज रात्रीच त्यात घालतो.