‘उधारीवरचा संसार’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक नाशिककर’, नमस्कार.

माझा लेख एलव्हीएमच्या (लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटून देणाऱ्या व्यवस्थेच्या) थिन पूलवर होता, म्हणजे अनेक व्हॉल्यूमना (डिस्कच्या आभासी भागांना) लागेल तशी जागा देणाऱ्या सामायिक साठ्यावर. त्यावरची तुमची प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, नंतर शब्द फिरवल्याचा आळ नको: “थिन पूल म्हणजे उधारीवरचा संसार. मॅन्युअल बघून लेख पाडणाऱ्यांनी पूल भरल्यावर काय होतं ते कधी पाहिलंय का? ऑटोएक्सटेंड मुळात बंद असतं, तेही लिहिलं नाही. व्हीडीओ आणि डिव्हाइसेस फाइलचा तर पत्ताच नाही.”

ऑटोएक्सटेंडचं, म्हणजे पूल भरत आला की तो आपोआप वाढवण्याचं, मान्य. एलव्हीएम.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याचा थ्रेशोल्ड (किती टक्के भरल्यावर वाढवायचं तो आकडा) मुळात १०० असतो आणि १०० म्हणजे बंद. मी सरळ ‘पूल आपोआप वाढतो’ लिहून मोकळा झालो. एक वाक्य राहिलं, आता घातलंय. पण तेवढ्यावरून ‘लेख पाडणारे’? सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सर्व्हर सांभाळण्यात माझी चौदा वर्षं गेली आहेत. मॅन्युअल मीही वाचतो. तुम्ही न वाचता चालवत असाल तर तुमच्या धैर्याला दाद देतो.

आता उधारी. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम वाढवता येते, कमी करता येत नाही. ‘पुढे लागेल’ म्हणून एका व्हॉल्यूमला ५०० जीबी दिले आणि वापर ९० जीबीच झाला, तर उरलेली जागा तिथेच अडकली. थिनमध्ये लिहिलं जाईल तेवढीच जागा जाते. याला उधारी म्हणायचं तर म्हणा, पण खातं रोज बघितलं की ती बुडत नाही.

पूल भरला की काय होतं, तेही सांगतो. डेटा संपला की लेखन रांगेत थांबतं, मुळात ६० सेकंद, आणि मग एरर यायला लागतात. डेटाबेस नुसता गोठल्यासारखा दिसतो, माणूस नेटवर्क तपासत बसतो. ताबडतोब एरर हवी असेल तर एलव्हीचेंज या कमांडला ‘--एररव्हेनफुल वाय’ द्या.

खरं दुखणं मेटाडेटाचं, म्हणजे कुठला डेटा पूलमध्ये कुठे आहे त्या नोंदवहीचं. गंगापूर धरणाचं पाणी सुटलं की आपण पुराची पातळी कळायला दुतोंड्या मारुतीकडे बघतो ना, तसं एलव्हीएस कमांडच्या आउटपुटमध्ये मेटा% (ती नोंदवही किती भरली) बघायचं. लोक डेटा% बघून निर्धास्त राहतात. दोन टीबीच्या पूलला ६४ केबीचे चंक (पूल जागा देतो ते तुकडे) ठेवले तर मेटाडेटालाच दीड-दोन जीबी लागतात, वरून स्नॅपशॉट (व्हॉल्यूमच्या त्या क्षणाच्या प्रती) वाढले की अजून. मेटाडेटा भरला तर पूल लेखन थांबवतो आणि तपासणी मागतो. मग सगळे व्हॉल्यूम अनमाउंट करा, पूल निष्क्रिय करा, ‘एलव्हीकन्व्हर्ट --रिपेअर’ चालवा. ती वेळ येऊ द्यायची नसेल तर आधीच ‘एलव्हीएक्सटेंड --पूलमेटाडेटासाइझ +१जी’.

ऑटोएक्सटेंडला थ्रेशोल्ड ७० आणि वाढ २० टक्के ठेवा, डीएमइव्हेंटडी या सेवेची देखरेख चालू आहे ना तेही पाहा. पण व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (डिस्क एकत्र करून केलेल्या मूळ साठ्यात) मोकळी जागाच नसेल तर तो वाढणार कुठून? पूल करतानाच ‘१००%फ्री’, म्हणजे सगळी मोकळी जागा देऊन टाकणारे इथेच फसतात. (तुम्ही त्यातले नसाल अशी आशा.) आणि फाइल पुसली म्हणून जागा पूलला परत मिळत नाही, त्यासाठी एफएसट्रिम ही कमांड लागते. त्यातही एखाद्या स्नॅपशॉटनं ते चंक धरून ठेवले असतील तर स्नॅपशॉट काढेपर्यंत ते सुटत नाहीत.

व्हीडीओ लिनक्स कर्नलमध्ये ६.९ पासून आला. तो सारखेच ब्लॉक पुन्हा न साठवता जागा वाचवतो आणि लेखाचा विषय तो नव्हताच. डिव्हाइसेस फाइलचं (एलव्हीएमनं कुठल्या डिस्क वापरायच्या त्या यादीचं) म्हणाल तर, हलवलेली डिस्क पीव्हीएस कमांडमध्ये दिसेना तर ‘एलव्हीएमडिव्हाइसेस --अ‍ॅडडेव्ह’. झालं.

पुढची प्रतिक्रिया टाकाल तेव्हा नाव घाला आणि तुमच्या एलव्हीएसचा आउटपुटही चिकटवा. मेटा% किती आहे ते बघूच.