घड्याळातला सेल

माझ्या ज्या फोटोला आजवर सगळ्यात जास्त लाइक मिळाले, त्यात शिलाई मशीनवर वाकलेले एक काका आहेत, खिडकीतून येणारा तिरपा उजेड आहे आणि काकांच्या डोक्यावर भिंतीला एक गोल घड्याळ आहे. फोटो काढला सकाळी आठच्या सुमाराला आणि घड्याळात वाजलेत चारला दहा कमी. घरी येऊन ते बघितलं आणि मी हरखलोच. फोटो कृष्णधवल केला, कडा जरा काळवंडवल्या आणि त्याच संध्याकाळी टाकला. वर मथळा, 'थांबलेला काळ'. बदामांचा पाऊस पडला. "निःशब्द", "काय टिपलंयस राव", वगैरे.

चार महिन्यांनी त्याची प्रिंट घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. बराच वेळ फोटो न्याहाळला. मला वाटलं, भारावले. तर म्हणाले, "सेल संपला होता हो तेव्हा. तुम्ही गेलात आणि दुपारी टाकला."

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

गेली सात वर्षं मी जवळपास दर रविवारी सकाळी शहराच्या जुन्या भागात कॅमेरा घेऊन हिंडतो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा, हा निव्वळ नाद. आणि आता माझं ठाम मत झालंय की आपण हौशी मंडळी जुन्या वस्तीत मयताला गेल्यासारखे जातो. सुरकुत्या आणि पोपडे. माणसांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि भिंतींच्या रंगाचे पोपडे, यापलीकडे आपल्याला तिथं काही दिसतच नाही. त्याच गल्लीत कुणीतरी कानात हेडफोन घालून ऑफिसच्या कॉलवर तावातावाने भांडत असतं, एखादी मुलगी स्कूटर सुरू होत नाही म्हणून तिला लाथा घालत असते. ते आपण बाहेर ठेवतो. का, तर म्हणे फ्रेम बिघडते.

एकदा मी एका दाराशेजारची रंग उडालेली भिंत टिपत होतो. पाच मिनिटं तरी झाली असतील. आतून एक बाई आल्या. "काय काढताय?" "भिंत." त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "अहो, पलीकडची बाजू गेल्या महिन्यात रंगवलीय. ती काढा ना." मी ओशाळून पलीकडे गेलो आणि एक फोटो काढला. फिका निळा रंग, अगदी सपाट. फोटो म्हणून टाकाऊच होता, पण बाई दारात उभ्या राहून बघत होत्या, म्हणून आणखी दोन काढले.

ही नजर आपल्याकडे आली कुठून, हे शोधताना मी जुन्या फोटोंमध्ये बराच रमलो. शार्ल मार्व्हिल हा १८६२ पासून पॅरिस शहराचा अधिकृत छायाचित्रकार. पॅरिसचा कायापालट करणाऱ्या ओसमान या अधिकाऱ्याच्या नव्या रुंद रस्त्यांसाठी ज्या गल्ल्या पाडायच्या होत्या, त्या याने पाडायच्या आधी टिपून ठेवल्या. ग्लासगोमध्ये थॉमस अॅननने १८६८ ते १८७१ या काळात तिथल्या कोंदट गल्ल्यांचे फोटो काढले, तेही शहर सुधारणेच्या कामासाठीच. या दोघांना घाई होती आणि त्या घाईला कारण होतं. समोरची वस्ती खरोखरच जाणार होती. त्या काळच्या काचेच्या ओल्या प्लेटला उजेड पुष्कळ वेळ लागायचा, त्यामुळे अॅननच्या गल्ल्यांत जी माणसं हलली ती धुरकट, भुतांसारखी उमटली. पुढे ओझेन आत्जे आला. तिकाटणं (ट्रायपॉड) आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा घेऊन १९२७ साली मरेपर्यंत तो जुनं पॅरिस टिपत राहिला, तोही बहुतेकदा सकाळी लवकर, त्यामुळे रस्ते रिकामे.

म्हणजे ओसाड गल्ली आणि भूतकाळाचा वास हे काही अंशी त्यांच्या साधनांचं देणं होतं. आपल्या हातातला कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो काढतो. तरी भुतं आपल्याला हवीच असतात, म्हणून ती आपण घरी बसून स्लायडर ओढून तयार करतो. मीही केली. वर सांगितलंच.

आता थोडं समूहाने निघणाऱ्या फोटोवॉकबद्दल. दोन-तीनदा गेलो, आता जात नाही. वीस जण, वीस कॅमेरे, आणि समोर उंबऱ्यात बसलेली एक म्हातारी. क्लिक क्लिक क्लिक. तिला वाटलं काहीतरी घडलंय, ती उठून आत बघायला गेली. एकाने तिला पुन्हा बसायला सांगितलं! मी काही बोललो नाही, कारण माझाही कॅमेरा डोळ्याला होता.

त्यानंतर मी ७०-२०० मिलिमीटरची, लांब पल्ल्याची लेन्स विकून टाकली. लांबून माणूस खेचून आणायचा आणि त्याला पत्ता लागायच्या आत सटकायचं, यात मला शिकाऱ्याचा वास यायला लागला होता. आता फक्त ३५ मिलिमीटर, आणि झूम म्हणजे आपले पाय. तांत्रिक बाजू ज्यांना हवी त्यांच्यासाठी: फुल फ्रेमवर (म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर) लेन्सचं छिद्र एफ ८, फोकस हाताने अडीच मीटरवर ठेवून द्यायचा. मग साधारण पावणेदोन ते पाच मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. सावलीतल्या गल्लीत आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १६०० आणि वेग १/२५० सेकंद चालून जातं. दाणे येतात, येऊ देत. फोकसशी झटापट करायची नाही, त्यामुळे डोळे मोकळे राहतात. पण खरा फरक दुसराच. दोन मीटरवर तुम्ही लपू शकत नाही. समोरच्याला तुम्ही दिसता, तो विचारतो, नाही म्हणतो, कधी हसतो, कधी "हा माझा नको, त्याचा काढा" म्हणून शेजाऱ्याला पुढे ढकलतो.

यावर एक मित्र मला नेहमी ऐकवतो की थोरामोठ्यांनीही लपूनच काढलेत. खरंय. वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवाशांचे फोटो काढले. हेलन लेव्हिट काटकोनात बघणारा व्ह्यूफाइंडर लावायची, म्हणजे लोकांना वाटावं ती भलतीकडेच बघतेय. आणि ते फोटो इतके सुंदर आहेत की माझी बोलती बंद होते. कायद्याचं म्हणाल तर देशागणिक वेगळा. फिलिप-लॉर्का डिकोर्सियाने टाइम्स स्क्वेअरमध्ये अनोळखी लोकांचे नकळत काढलेले फोटो प्रदर्शनात लावले, त्यातल्या एकाने दावा ठोकला आणि २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो फेटाळला. फ्रान्समध्ये मात्र स्वतःच्या चेहऱ्यावरचा माणसाचा हक्क बराच गांभीर्याने घेतात.

मी काही न्यायाधीश नाही. माझ्यापुरतं इतकंच ठरवलंय: झोपलेल्या माणसाचा फोटो नाही, रडणाऱ्याचा नाही, मुलांचा असेल तर घरच्या मोठ्यांना विचारून. बाकी ज्याला मी दिसतोय त्याचा काढतो. विचारून काढलेले फोटो ताठ येतात ही तक्रार बरोबर आहे. पहिले चार फोटो शाळेच्या ग्रुप फोटोसारखेच येतात. ते काढून घ्यायचे, आभार मानायचे आणि निघून न जाता तिथंच उभं राहायचं. दहा मिनिटांत माणूस तुम्हाला विसरून कामाला लागतो. त्या दहा मिनिटांचा मला अजूनही कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू.

उजेडाबद्दल मात्र मला कधीच कंटाळा येत नाही. अरुंद गल्लीत ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते दिवसातून जेमतेम थोडा वेळ. बाकी वेळ ते एका बाजूच्या भिंतीवर वरच्या वर पडतं आणि तिथून उडून समोरच्या दारात उतरतं. म्हणजे अख्खी भिंतच एक मोठा रिफ्लेक्टर. दारात उभ्या माणसाच्या डोळ्यांखाली काळी सावली पडत नाही, चेहरा आतून उजळल्यासारखा दिसतो. आणि भिंत पिवळी असेल तर चेहऱ्यावर पिवळी झाक, हिरवी असेल तर हिरवी. ही झाक मी पाच वर्षं कृष्णधवल करून पुसून टाकत होतो, कारण जुनी वस्ती म्हटली की कृष्णधवल, असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. सॉल लायटर १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रंगीत फोटो काढत होता, आपल्याकडे रघुवीर सिंग यांनी रंगाचा आग्रह धरला. हे मला फार उशिरा कळलं. आता माझे फोटो रंगीत असतात, आणि लाइक निम्म्यावर आलेत.

आणखी एक सवय लावून घेतलीय. कार्डवरचे फोटो महिनाभर उघडायचे नाहीत. गॅरी विनोग्रँड मुद्दाम वर्ष-वर्ष रोल धूत नसे, कारण फोटो काढतानाचा उत्साह निवडीत लुडबुड करतो असं त्याला वाटे. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल तसेच पडून होते, इतकं टोक गाठायची गरज नाही. पण महिन्याभराने बघताना "काय सकाळ होती ती!" हे ओसरलेलं असतं. 'थांबलेला काळ' मी महिनाभर दाबून ठेवला असता तर मथळा तरी नक्कीच वेगळा सुचला असता.

गेल्या रविवारी पुन्हा काकांकडे गेलो. माझी प्रिंट त्यांनी घड्याळाच्या खालीच चिकटवलीय. म्हणजे वर चालू घड्याळ, खाली बंद. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलात. आता परत काढा, ते बंद घड्याळवालं काढून टाकायचंय. येणारे-जाणारे विचारतात." उजेड छान होता. ते मशीनवर बसले, मी दोन मीटरवर उभा राहिलो, एफ ८, १/२५०. फोटो काढून स्क्रीनवर घड्याळ मोठं करून दाखवलं. आठ वाजून वीस मिनिटं, सेकंदकाटा सातावर.

काकांनी चष्मा खाली ओढला, काट्याकडे टक लावून थोडा वेळ बघत राहिले.

"अजून बंदच दिसतंय की."