इंदुरात बेघर व्हायचंय? आधी कागदपत्रं जमवा

बेघर व्हायचं ठरवलंच असेल, तर शहर निवडताना घाई करू नका. आमचं इंदूर 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं. इथे फुटपाथवर पडून राहायलासुद्धा एक दर्जा लागतो.

म्हातारपणी तर हा उद्योग करूच नका. जानेवारी 2021 मध्ये, ऐन थंडीत, महापालिकेच्या माणसांनी काही वृद्धांना ट्रकमध्ये घालून क्षिप्रा गावाजवळ हायवेवर उतरवलं. गावकऱ्यांनी अडवलं, व्हिडिओ फिरला, म्हणून परत गाडीत चढवलं. पुढे कलेक्टरसाहेबांनी माफी मागितली. खजराना गणपतीची. (त्याच महिन्याच्या 1 तारखेला याच शहरात लाइट हाऊस या सरकारी गृहप्रकल्पाच्या 1,024 घरांची पायाभरणी झाली होती. मुहूर्त चांगला असावा.)

घर हवंच असेल तर प्रधानमंत्री आवास योजना आहे. 2015 मध्ये निघाली, 2022 पर्यंत सर्वांना घर मिळणार होतं. 2022 गेलं, 2024 मध्ये योजनेपुढे 2.0 लागलं. मुदतवाढ योजनेला मिळते, थंडीत झोपणाऱ्याला नाही. देशात कुठेही पक्कं घर नसावं ही अट तुम्ही झोपल्या झोपल्या पूर्ण करता. पुढे आधार लागतं, आणि आधारला पत्ता. तेही जमलं, तर केंद्राचे दीड लाख सोडून आपला हिस्सा भरायचा. बँकेत जा, फुटपाथ तारण ठेवा. अहिल्याबाईंनी काशी-रामेश्वरापर्यंत धर्मशाळा बांधल्या म्हणतात. तेव्हा पोर्टल नव्हतं, त्यामुळे उरकलं असेल.

तोवर रैनबसेरा, म्हणजे बेघरांसाठीचा रात्रनिवारा. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच लाख वस्तीमागे एक असं सांगितलंय, इंदूरची वस्ती 2011 मध्येच साडेएकोणीस लाखांवर होती; भागाकार तुम्हीच करा, रात्री वेळ असतोच. बेघरांची मोजणी तेव्हाच्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली. पुढच्या खेपेला त्या रात्री जागेवरून हलू नका, पोलिसांनी हाकललं तरी. देशातल्या शहरांत 9 लाख 38 हजार बेघर निघाले आणि शहरांतच 1 कोटी 10 लाख घरं रिकामी. त्या घरांना कुणी ट्रकमध्ये घातल्याचं ऐकिवात नाही.

आणि हात पसरू नका. 1 जानेवारी 2025 पासून इथे भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायचं ठरलं. भिकाऱ्याची खबर देणाऱ्याला मात्र 1,000 रुपये जाहीर झाले होते. स्वतःचीच खबर दिली तर चालते का, ते कलेक्टर कचेरीत विचारून ठेवा.