टार्गेट लावताना सेटिंगची वेळ कुठं जाते?

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) शॉपमध्ये माणसाचं डोकं उठतं ते कामानं नाही, बोर्डावरच्या आकड्यानं. सायकल टाइम, म्हणजे मशीनला एक पीस कापायला लागणारी वेळ, ३ मिनिटं, पाळी ८ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं. भागाकार केला, १६० पीस. लागलं टार्गेट!

अहो, जॉब काय आपोआप चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जाऊन बसतो? पीस काढा, चिप्स झटका, हवा मारा, नवा लावा. दर पीसमागं अर्धं मिनिट तिथंच गेलं. जेवण-चहा ५० मिनिटं. जॉब बदलला की सेटिंग आलं: सॉफ्ट जॉ (पकडीचे मऊ जबडे) मापाला बोअर करायचे, टूल ऑफसेट (मशीनला द्यायची टूलची मापं) घ्यायचे, फर्स्ट पीस क्वालिटीकडून पास करून आणायचा, त्यात पाऊण तास. इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी धार, बदलायला १५ मिनिटं. उरली ३७०. साडेतीननं भागा, जेमतेम १०५ पीस. राहिलेले ५५ आणायचे कुठून?

पोरं तेही आणतात. फीड ओव्हरराइड (टूल सरकायचा वेग कमी-जास्त करायचं बटण) १०० वरून १२० टक्क्यांवर जातो, झिजलेला इन्सर्ट तसाच दामटतात, माप चार-पाच पीसमागं एकाचं घेतात. मग फिनिश बिघडतं, साइज सरकते, अख्खा लॉट परत येतो, आणि बोलणी ऑपरेटरलाच. रात्रपाळीला क्वालिटीचा माणूस नसला तर फर्स्ट पीस सकाळपर्यंत लटकतो, टार्गेट मात्र तेवढंच!

प्रॉडक्शन शीटवर सेटिंगचा वेगळा रकाना करा, ती वेळ आधी वजा करा, मग आकडा लिहा. आणि पाळी संपल्यावर थांबवून घेणार असाल, तर त्या तासांचा दुप्पट दर पगारात दिसू द्या.